विषय: एसटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचा) ब्लोअर रात्री सुरू ठेवणे व टाकीत माणूस न उतरवणे

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
कांदिवली (पूर्व), मुंबई

महोदय,
स.न.वि.वि.

वीजबिल वाचावं म्हणून गेल्या महिन्यापासून आपल्या एसटीपीचा ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारं यंत्र, रात्री 10 ते सकाळी 6 बंद असतो. माझं घर बी विंगला पहिल्या मजल्यावर, बरोबर टाकीच्या वर. पहाटे खिडकी उघडली की कुजक्या अंड्यांचा वास घरात शिरतो. पण मी लिहायला बसले ते निव्वळ वासामुळे नाही.

रविवारी मी ऑपरेटरबरोबर खाली गेले. एरेशन टँकमधलं, म्हणजे हवा सोडतात त्या टाकीतलं पाणी त्याने एक लिटरच्या मापात भरून अर्धा तास ठेवलं. एरवी तपकिरी गाळ तळाला बसतो, वर नितळ पाणी राहतं. या वेळी गाळ काळा पडलेला, त्याचे गोळे तरंगत वर आले आणि पाणी शेवटपर्यंत गढूळ. "मॅडम, बॅक्टेरिया मेलेत," एवढंच तो म्हणाला.

सांडपाणी साफ करणाऱ्या या जिवाणूंना चोवीस तास हवा लागते. रोज आठ आठ तास ती तोडली की ते मरू लागतात, हवेशिवाय जगणारे माजतात आणि कुजक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात. त्यात घराघरांतून टॉयलेट क्लीनर आणि तळणाचं तेल जातंच, हे आपण रहिवाशांनीही थांबवायला हवं. एसटीपीत साफ झालेलं पाणीच आपल्या फ्लशला येतं; ते पिवळट, वासाचं येतं म्हणून आता बरेच जण पिण्याच्या नळाची बादली भरून संडासात ओततात. माणशी रोजच्या 135 लिटरपैकी साधारण 45 लिटर फ्लशला लागतात. आपल्या 60 घरांत 240 माणसं धरली तर रोज जवळजवळ 11,000 लिटर, म्हणजे एक मोठा टँकर. भातसा-तानसाहून आणलेलं पाणी असं घालवून विजेचे किती पैसे वाचले, ते एकदा मांडून बघावं.

सर्वांत कळकळीची गोष्ट आता. गाळ उपसायला सोमवारी दोन मुलं टाकीत उतरणार, असं वॉचमनकडून कळलं. कृपा करून हे थांबवा. टाकीतला हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकाला वाससुद्धा कळेनासा होतो, आणि माणूस आत कोसळतो. त्याला काढायला गेलेला दुसराही वर येत नाही. सुरक्षा साधनांशिवाय असं कुणाला उतरवणं हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी मी हेच लिहिलं असतं. ती कुणाची तरी मुलं आहेत. गाळ सक्शन टँकर बोलावून उपसावा.

ब्लोअर आज रात्रीपासूनच चालू करावा. जिवाणू पुन्हा वाढायला दोन-तीन आठवडे लागतील, तोवर वास सोसायला मी तयार आहे. रोज मापातला गाळ बघून वहीत नोंद करायचं काम मी आनंदाने करीन. सोमवारचं काम रद्द झाल्याचं मात्र शनिवारपर्यंत कळवावं.

आपली नम्र,
एक रहिवासी, बी विंग, पहिला मजला