मनूला बोटांवर मोजू दे

बडोदे

चि. ऋता,
अनेक आशीर्वाद.

मनूला बोटांवर मोजू दे. दुसरीत गेली म्हणून तिनं हात मांडीखाली दाबून बसायचं? परवा फोनवर तुझं ‘तोंडी कर, तोंडी कर’ ऐकत होते. तोंडी म्हणजे हात बांधून, हे ठरवलं कोणी?

आपल्या बडोद्यातच एका शाळेत अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी 204 मुलं तीन वर्षं अभ्यासली. काहींना अबॅकस, म्हणजे मणी सरकवून हिशेब करायची चौकट, शिकवला, बाकीच्यांना नेहमीचंच गणित जास्त. 2016 साली निष्कर्ष छापून आले. अबॅकसवाली मुलं आकडेमोडीत पुढे गेली, पण त्यांची स्मरणशक्ती काही वाढली नव्हती. तेव्हा अबॅकसच्या क्लासच्या पाट्यांवर काय लिहितात ते सोडून दे.

खरी गंमत पुढे आहे. ही विद्या अंगात मुरली की समोर मणी लागत नाहीत, तरी बोटं हवेत मणी सरकवत राहतात. गणित जितकं अवघड, तितके हातवारे वाढतात. 2018 साली आलेल्या अभ्यासात हे मोजूनच पाहिलं. स्वतःचे हात दिसले नाहीत तरी मुलांचं फारसं अडलं नाही. हातांना भलत्याच हालचालीला जुंपलं, तेव्हा मात्र हिशेब बिघडले. म्हणजे बोटं बघून उत्तर येत नाही. ती हलवायची जी तयारी डोक्यात चालते, तिच्यावर हिशेब उभा असतो. हात दाबून बसवलेल्या पोरीचं काय होत असेल, तूच बघ.

नुसत्या मानेचंही तसंच. मनात येतील ते आकडे बोला म्हटलं, तर डावीकडे मान वळवताना लोक लहान आकडे जास्त सांगतात, असं 2008 मध्ये दिसलं. आपल्या डोक्यात आकडे डावीकडून उजवीकडे रांगेत उभे असतात म्हणे. अरबी वाचणाऱ्या पॅलेस्टिनी लोकांत ती रांग उलटी निघाली, म्हणजे वाचायच्या सवयीचा त्यात हात आहे. (मी हल्ली भाजीवाल्या बेनशी घासाघीस करताना डावीकडे उभी राहते. अजून पाच रुपयेसुद्धा सुटलेले नाहीत.)

टीचर ओरडतील ही तुझी धास्ती कळते. मग तिला पेरं मोजायला शिकव. तुझी आजी दुधाचा हिशेब तसाच ठेवायची: अंगठा चार बोटांच्या तीन-तीन पेरांवरून फिरवला की एका हातात बारा. मूठ अर्धी मिटलेली, कोणाला पत्ता लागत नाही. बारापुढे गेलं की डाव्या हाताचं एक पेर धरायचं.

मे महिन्यात याल तेव्हा तिला इथे अबॅकसच्या क्लासला घालायचा बेत मात्र रद्द कर. त्या मुलांना तीन वर्षं दिली होती, पंधरा दिवसांत नुसती फी जाईल. त्यापेक्षा दुपारी माझ्याबरोबर पत्ते कुटू दे तिला, गुण तीच मांडेल.

तुझी,
आई