हॉर्नचा फोटो निघत नाही, भोंग्याचा निघतो

मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

ठाण्यात घोडबंदर रोडला लागून राहणाऱ्यांना हॉर्नबद्दल कोणी नव्याने काही सांगायची गरज नाही. दिवसा अवजड वाहनांना अडवलं की ट्रेलरची तीच रांग रात्री मानपाडा-कासारवडवलीत उतरते. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल, आणि आणीबाणी सोडून हॉर्नला मनाई. हॉर्नचा हा नियम २०१० पासून आहे. गायमुखचा चढ चढणाऱ्या ड्रायव्हरला तो कोणी सांगितलेला दिसत नाही.

दंडही आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १९४ एफ प्रमाणे विनाकारण हॉर्न वाजवला तर पहिल्यांदा १,००० रुपये, पुढे २,०००. हेल्मेटचा दंड भरलेला माणूस ठाण्यात घरटी सापडेल. हॉर्नचा भरलेला मला अजून भेटायचाय. कारण साधं आहे. ई-चलान फोटोवर चालतं, आणि आवाज फोटोत येत नाही. नाक्यावरचा हवालदार तरी वीस गाड्यांतून वाजवणारा नेमका कसा हुडकणार?

मुंबई पोलिसांनी २०२० मध्ये एक गमतीशीर प्रयोग केला होता: आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल सिग्नलचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून. तो इथे आणा, असं मी म्हणणार नाही. तीन हात नाक्यावर तसा सिग्नल बसवला तर तो सुटायचाच नाही. ‘नो हॉर्न’च्या नव्या पाट्याही नकोत. २०१५ मध्ये सरकारने गाड्यांवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला बंदी केली. ट्रकांच्या पाठी अजून वाचून पाहा.

माझं मागणं एवढंच, की जे दिसतं ते आधी धरा. उलट्या दिशेने येणाऱ्या बाईकला बघून स्कूटरवाल्या बाईंनी दिलेला ‘पीं’ सोडून द्या, तो बिचारा जीव वाचवतो. पण प्रेशर हॉर्न दिसतो: हवेची टाकी, नळी, टपावरचे कर्णे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ११९ ने असे कर्कश आणि अनेक सुरांचे हॉर्न बाद ठरवलेत. त्यांचा फोटो निघतो, म्हणजे चलानही निघू शकतं. मालवाहू गाडी आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांतून एकदा आणि पुढे दरवर्षी पासिंगला आपल्याच आरटीओत येते. आदल्या दिवशी कर्णे उतरवायचे आणि पासिंग झालं की पुन्हा चढवायचे, हे न कळण्याइतकं आपलं खातं भोळं नाही. म्हणून रस्त्यावरच्या फिरत्या पथकांनाही हे काम द्या, जागीच काढून जप्त करायला लावा, आणि ते बसवून देणाऱ्या दुकानांतही एकदा डोकावू द्या.

एसटी आपल्याच अखत्यारीत आहे. खोपट आणि वंदना आगारातल्या गाड्यांचे हॉर्न आधी तपासून घ्या, म्हणजे ट्रकवाल्यांना बोलायला जागा उरणार नाही.

कळावे,
मानपाड्याचा एक रहिवासी