भायलीला राहायला येण्याविषयी

तीर्थस्वरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बडोद्याच्या दांडिया बाजारातले घर सोडून तुम्ही आमच्याजवळ शहराच्या कडेला भायलीत यावे की नाही, हे बोलणे फोनवर नेहमी अर्धवट राहते, म्हणून इथली परिस्थिती जशी आहे तशी लिहून कळवते.

बाबा, इथले रुंद, सरळ रस्ते पाहून तुम्हाला नवल वाटले होते. शेते एकत्र धरून आखणी करायची, रस्ते, बागा व शाळांसाठी जमीन काढून घ्यायची आणि उरलेली नव्या प्लॉटांच्या रूपात मूळ मालकांना परत द्यायची, ही गुजरातमधल्या टीपी स्कीमची, म्हणजे नगररचना योजनेची, रीत आहे. सध्याचा कायदा 1976 चा. मला ही रीत न्याय्य वाटते. मात्र बागेसाठी राखलेल्या आमच्या समोरच्या प्लॉटवर अजून गाजरगवतच माजले आहे. भायली 2020 मध्ये महानगरपालिकेत आली, तरी इमारती आधी आणि सोयी मागून, हा क्रम बदललेला नाही, याचे वाईट वाटते.

आई, पाण्याचे तुला सांगायलाच हवे. सयाजीराव महाराजांनी आजव्याचा तलाव बांधवून 1892 मध्ये शहराला पाणी दिले. इथे आमच्या सोसायटीला बोअरचे जड पाणी येते. कुकरच्या कितीही शिट्या केल्या तरी तूरडाळ मिळून येत नाही, दाणा तसाच राहतो, आणि नळाच्या तोंडावर पांढरा थर धरतो. वरणभाताला म्हणून आम्ही आरओचेच पाणी घेतो.

दवाखाना, औषधे, भाजी चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. संध्याकाळी खाली बाकांवर तुमच्या वयाची मंडळी जमतात, त्यांत मराठी घरेही आहेत.

खरी काळजी पावसाची. पूर्वी शेतात मुरणारे आणि कांसातून, म्हणजे पावसाच्या पाण्याच्या नाल्यांतून, वाहून जाणारे पाणी आता काँक्रीटवरून रस्त्यावर येते. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीच्या पुराने शहराची काय दशा केली, ते तुम्ही पाहिलेच आहे. म्हणून बाबा, गुडघ्यांसाठी तळमजला बरा हे तुमचे म्हणणे मला पटत नाही. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्याने मिळण्यासारखा आहे आणि लिफ्टला जनरेटर आहे, आणि वेगळे घर असल्यामुळे मुलीच्या घरी राहण्याचा संकोचही उरणार नाही. तरी लगेच होकार देऊ नका. भर पावसात चार दिवस येऊन राहा, रस्ता आणि पार्किंग डोळ्यांनी पाहा, आणि मगच घरमालकाशी बोलू.

तुमची,
ताई