कारखान्याचा परवाना गेला, कांद्याचा राहिला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुलै महिना आला की १९९१ च्या आर्थिक सुधारणांची आठवण काढणारे लेख प्रसिद्ध होतात आणि मी ते आवर्जून वाचतो. परकीय गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती, रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोने परदेशी गहाण ठेवावे लागले, १ आणि ३ जुलै असे दोनदा रुपयाचे अवमूल्यन झाले आणि २४ जुलैला, डॉ. मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला त्याच दिवशी, नव्या औद्योगिक धोरणाने १८ उद्योग वगळता बाकी सर्वांची परवान्याची अट काढून टाकली. त्या निर्णयांना माझा तेव्हाही पाठिंबा होता आणि आजही आहे. मात्र या लेखांत शेतीचा विषय ‘शेतीकडे दुर्लक्ष झाले’ एवढ्या एका वाक्यात आटोपला जातो. निफाड तालुक्यात कांदा आणि द्राक्षे पिकवणारा शेतकरी म्हणून मला ते वाक्य अपुरे वाटते. शेतमालाच्या विक्रीवरची पकड सरकारने सोडलीच नाही, हे आमचे खरे दुखणे आहे.

त्याच अर्थसंकल्पात खतांच्या किमती ४० टक्क्यांनी वाढवण्यात आल्या. विरोध झाल्यावर ही वाढ ३० टक्क्यांवर आणली गेली. पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९९२ मध्ये, स्फुरद आणि पालाशयुक्त खते नियंत्रणमुक्त झाली आणि त्यांचे भाव चढले. युरियावर आजही मोठे अनुदान आहे, हे मी नाकारत नाही. तरीही आमच्या खर्चाची बाजू थोडीथोडी बाजाराकडे सरकत गेली आणि उत्पन्नाची बाजू मात्र सरकारच्या हातात राहिली. साठ्यावर मर्यादा घालणारा १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा तसाच राहिला, आणि निर्यात एका अधिसूचनेने थांबवण्याचा अधिकार तर १९९२ च्या विदेश व्यापार कायद्यातच, म्हणजे ऐन उदारीकरणाच्या काळात, लिहिला गेला.

हा अधिकार कसा वापरला जातो, ते ८ डिसेंबर २०२३ ला मी माझ्या शेतात पाहिले. लाल कांद्याची पात कापून ढीग घातला होता आणि सकाळी ट्रॅक्टर भरायचा होता, तोच निर्यातबंदीची बातमी आली. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने तग धरतो, पण लाल कांदा ठेवता येत नाही. त्याला मोड येतात, तो सडतो, म्हणून मिळेल त्या भावाने विकणे एवढाच मार्ग उरतो. जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले, आणि ते पुन्हा सुरू झाल्यावर माझ्या हिशेबपट्टीवर जो भाव पडला तो आधीच्या आठवड्याच्या निम्म्याच्या आसपास होता. रोप, लागण, खुरपणी, काढणी हा सगळा खर्च तोवर होऊन गेला होता. बंदी उठली ती ४ मे २०२४ रोजी, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्कासह. तोपर्यंत लाल कांद्याचा हंगाम संपला होता.

सप्टेंबर २०२० तर मला विसरताच येत नाही. जीवनावश्यक वस्तू कायद्याच्या कक्षेतून कांदा बाहेर काढणारी दुरुस्ती १५ तारखेला लोकसभेत मंजूर झाली आणि त्याच्या आदल्याच दिवशी सरकारने कांद्याची निर्यात बंद केली होती. पुढच्या महिन्यात साठ्यावर मर्यादाही आली, आणि वर्षभरानंतर इतर दोन कृषी कायद्यांबरोबर ती दुरुस्तीही मागे घेण्यात आली.

याच तालुक्यात, याच मातीत, बहुतेक वेळा एकाच घरात पिकणारे द्राक्ष पाहा. त्याच्या निर्यातीवर अशा अचानक बंद्या येत नाहीत. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधक फवारणी रसायनाचे अंश सापडले, माल अडकला आणि अनेक बागायतदार कर्जात बुडाले. तरीही लोकांनी फवारणीचे वेळापत्रक बदलले, तपासण्या वाढवल्या आणि पुढच्या हंगामात पुन्हा कंटेनर पाठवले, कारण आपला माल बंदरातून बाहेर पडेल याची त्यांना खात्री होती. द्राक्षासाठी शीतगृहे आणि पॅकहाउस उभी राहिली; कांद्यासाठी तेवढी गुंतवणूक करण्याचे धाडस, माझ्या मते, कोणी करत नाही, ते याच कारणाने. शरद जोशी खुल्या बाजाराच्या बाजूने बोलत तेव्हा अनेकांना शेतकरी नेत्याची ही भूमिका उलटी वाटे. आमच्या भागात ती बांधावरच्या अनुभवातून कळत होती.

शहरातल्या गरीब कुटुंबाला महाग कांदा परवडत नाही, हे मला मान्य आहे आणि त्याची काळजी सरकारने घेतलीच पाहिजे. त्यासाठी सरकारने लिलावात उतरून चालू भावाने कांदा घ्यावा आणि स्वस्तात विकावा. त्याचा भार तिजोरीवर पडावा, एकट्या उत्पादकावर नव्हे. १ एप्रिल २०२५ पासून निर्यात शुल्क पूर्णपणे हटले, याचे मी स्वागत करतो, पण ते पुन्हा लावण्याचा अधिकार कायम आहे. माझी मागणी एवढीच की निर्यातीचे नियम लागणीपूर्वी जाहीर व्हावेत, तो हंगाम संपेपर्यंत ते बदलू नयेत आणि अपवाद करायचाच असेल तर तो संसदेसमोर ठेवून करावा. २०१९ च्या निर्यातबंदीनंतर बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीत येऊन जाहीरपणे सांगितले होते की बंदी घालायचीच असेल तर आम्हाला आधी कळवा. तो कांदा विकत घेणाऱ्या देशाची ही विनंती होती. तो पिकवणाऱ्यांचीही तीच आहे.

आपला,
एक कांदा उत्पादक वाचक
तालुका निफाड, जिल्हा नाशिक