तुझी चितरी खरंच आरवली होती

कुडाळ,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय सद्या,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोनवर हे बोलता आलं नसतं. तू मध्येच हसला असतास आणि मी फोन ठेवून दिला असता, मागच्या वेळेसारखा. आठ महिने झाले त्याला. त्यात निम्मी चूक माझी, हे लेखी देतो. उरलेली निम्मी कोणाची ते बंड्याला विचार.

तर, आमची तांबडी आरवायला लागली.

कोंबडी. कोंबडा नव्हे. तीन वर्षं अंडी घातलेली, दोनदा खुडूक बसून सतरा पिल्लं काढलेली, आईच्या मागे मागे पडवीपर्यंत येणारी तांबडी. मंगळवारी पहाटे गावी पोचलो, रिक्षावाल्याला पैसे देतोय तोवर परड्यातून आवाज आला. घोगरा, शेवटाला फाटलेला, आठवीतल्या पोराचा आवाज फुटतो ना, तसा. मला वाटलं आईने नवीन कोंबडा घेतला. आई म्हणाली, "नवीन खंयचो? ती तांबडी आसा." आणि विहिरीकडे बघायला लागली.

सद्या, तिथेच बॅग हातात धरून मला तू आठवलास. आठवी ब, १९९१, मधली सुट्टी. "आजीची चितरी आरवली," असं तू मला एकट्याला सांगितलंस आणि मी बाकावर उभा राहून वर्गाला सांगितलं. दहावीपर्यंत तुझं नाव चितरी. निरोप समारंभाच्या वहीत 'आरवत राहा' असं लिहिणारा कोण होता हे तुला कधी कळलं नसेल, तर मीच तो. अक्षर डाव्या हाताने काढलं होतं. आणि तुझ्या आजीने चितरी कापली त्या रविवारी तू विहिरीमागे जाऊन बसलास, जेवला नाहीस, आणि मी तुमच्याकडे सात वडे खाल्ले. रस्सा झकास झाला होता, हेही खरं.

तू फेकत नव्हतास. चौतीस वर्षांनी सांगतोय.

बुधवारी तिला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण आहे, नुकताच आलाय, त्याला माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला. तुरा बघितला (दुपटीने वाढलाय, लालभडक), पायामागचा काटा चाचपला, शेपटाकडची लांब चकचकीत पिसं उलटून बघितली. मग म्हणाला, कोंबडीचं डावीकडचं अंडाशय तेवढं काम करतं. उजवीकडचं जन्मापासून अर्धवट, निजलेलं. डावीकडे गाठ झाली, जंतूंनी खराब झालं, की इस्ट्रोजेन (मादीपणाचं संप्रेरक) आटतं आणि उजवीकडचं जागं होतं. पण जागं होतं ते अंडाशय म्हणून नव्हे, बरंचसं वृषणासारखं. मग तुरा, काटा, आरवणं. आणि ती ऐटबाज पिसं? ती म्हणे कोंबड्याने कमावलेली नसतात. मूळ आराखडा तोच. इस्ट्रोजेन असतं म्हणून कोंबडी साधी दिसते. ते आटलं की आपोआप झगमगाट. गुणसूत्रांनी मात्र ती आहे तशी कोंबडीच. फक्त अंडी आता नाहीत.

मी विचारलं, दुखत असेल का? म्हणाला, खाते, फिरते, दुसऱ्यांना टोचते, मग राहू दे की. पैसे घेतले नाहीत. फोटो मात्र अकरा काढले.

माझी शुगर आहे तशी आहे, गोळी एक वाढवली. ते सोड.

खरी पंचाईत आईची आहे. वाडीत पहिल्याच दिवशी कळलं. कोंबडी आरवली म्हणजे घराला बरं नाही, हे तुला मी सांगायला नको. कापून टाक, असं चार जणींनी येऊन सांगितलं, त्यातल्या दोघींनी वाटपाचा नारळही विचारला. मग कोणीतरी काढलं की कापण्यापेक्षा राखणीला, म्हणजे राखणदार देवचाराला, देऊन टाका. राखणीला कोंबडाच लागतो. मग तांबडी त्यात बसते की नाही, यावर आमच्या पडवीत दोन तास चर्चा. तात्या म्हणाले, तुरा आहे, आरवते, चालेल. अण्णा म्हणाले, देवचाराला फसवू नका. तीन वेळा चहा झाला. तांबडी समोर लाल मातीत खड्डा करून, पंख पसरून, धूळ अंगावर उडवत पडली होती. पिसवा निघतात म्हणे त्याने. एवढी निवांत मी तिला कधी पाहिली नव्हती.

यावरून आठवलं. स्वित्झर्लंडात बाझल गावी १४७४ साली एका कोंबड्याने अंडं घातलं म्हणून त्याच्यावर रीतसर खटला चालवला आणि त्याला जाळलं. त्या अंड्यातून नजरेने मारणारा साप निघेल अशी भीती. आता वाटतं, तोही बिचारा आमच्या तांबडीसारखाच कोणी असणार. आमच्याकडे निदान चहा तरी झाला.

तर आई. गुरुवारी रात्री अकराला उठलो तर मागच्या पडवीत दिवा. आई तांबडीवर डालगं उपडं घालत होती. डालग्यावर गोणपाट, त्यावर बाबांची जुनी घोंगडी, त्यावर पाटा. मला बघून म्हणाली, "लोकांची झोपमोड नको."

मी वळलो आणि तोंड दाबून हसलो, सद्या. पाचवीपासून जी म्हण मास्तरांनी वाक्यात उपयोग करायला दिली, ती म्हातारी माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर. पुढच्या क्षणी मात्र हसू गेलं. पाटा उचलताना तिचे हात थरथरत होते. तो पाटा एकट्याने उचलायचा नसतो.

पहाटे चारला घोंगडीखालून आरवलीच. दबका, पण पूर्ण. आपण सगळे समजतो की म्हातारीचं चुकलं ते एवढंच की सूर्य थांबत नाही. अरे, कोंबडंच थांबत नाही! जपानात नागोया विद्यापीठात २०१३ साली तपासलंय. कोंबडे दिवसरात्र एकसारख्या मंद उजेडात ठेवले तरी ते पहाटेच्या वेळेला आरवतात, कारण घड्याळ पोटात असतं. पुढे त्याच लोकांना असंही दिसलं की पहिला मान सगळ्यात वरच्या कोंबड्याचा, मग बाकीचे उतरत्या क्रमाने. म्हणजे आपल्या भजनी मंडळासारखं, फरक एवढाच की तिथे भांडण होत नाही. आणि वरचा सूर लावताना आपले बुवा कानावर हात ठेवायचे, आठवतं? कोंबडाही तेच करतो. चोच पूर्ण उघडली की त्याच्या कानाची वाट थोडी मिटते. स्वतःच्या आवाजाने बहिरा होऊ नये म्हणून सोय. बुवांची सोय आपल्यासाठी नव्हती, एवढंच.

तू हसत असशील की विन्याला कोंबड्यांचं वेड कधी लागलं. चार दिवस दुसरं केलंय काय? सुपारी सुकतेय आणि मी पायरीवर बसून तांबडीकडे बघतोय. आधी आमच्यात काळी वरची, मग कवडी, मग तांबडी. दाणे टाकले की काळी आधी, कवडीने घाई केली की टोच. आता काळी दोन पावलं मागे सरते. तुझी गणिताची वही आठवली. मागच्या पानांवर कोण कोणाला टोचतं याचा तक्ता, आणि त्याबद्दल चव्हाण मास्तरांनी तुझ्या हातावर मोडलेली पट्टी. नॉर्वेचा श्येल्डरुप-एब्बे नावाचा माणूस, शाळकरी वयापासून हेच करायचा, घरच्या कोंबड्यांच्या टोचण्या वहीत लिहायचा. १९२१-२२ मध्ये त्याने त्यावर प्रबंध लिहिला आणि ती उतरंड जगभर पोचली. 'पेकिंग ऑर्डर' म्हणून कचेऱ्यांत जे साहेब लोक बोलतात ते त्याच्या कोंबड्यांचं. तुला पट्टी मिळाली. मी तेव्हाही हसलो होतो. आज सगळ्याचाच हिशोब होतोय.

परवा दुपारी घार फिरत होती. तांबडीने मान वाकडी करून एक डोळा आभाळाला लावला आणि बारीक, लांब, शिटीसारखा आवाज काढला. सगळ्या जिथल्या तिथे फणसाखाली गप्प. संध्याकाळी मुंगूस आलं तेव्हा आवाज वेगळा, मोठ्याने कॅक-कॅक-कॅक, आणि सगळ्या माना वर. वरचं संकट, खालचं संकट, दोन वेगळे शब्द. आणि गांडूळ सापडलं तर स्वतः गिळत नाही, चोचीत धरून टाकते, परत उचलते, टुक-टुक करत दुसऱ्यांना बोलावते. हे कोंबड्याचं काम. आमचा कोंबडा गेल्या पावसात कोल्ह्याने नेला, तेव्हापासून हे कोणी करत नव्हतं. (खरे कोंबडे कधीकधी चोचीत काही नसतानाही असं बोलावतात, नुसती कोंबडी जवळ यावी म्हणून. बंड्याचं 'ये, चहा पाजतो' आठव.)

शेवटी काल रात्री आईला सरळ विचारलं, तुला खरंच वाटतं का काही वाईट होईल? बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "लोकां म्हणतत, घरात बापयो नाय म्हणान कोंबडीच बापयो झाली."

बाबांना जाऊन येत्या महिन्यात दोन वर्षं. बँक, वीजबिल, सुपारीवाल्याशी भाव, पावसाआधी कौलं चाळायला माणसं बघणं, सगळं तीच करते. मी डोंबिवलीहून फोन करतो आणि 'जेवलीस का' विचारतो. मी काय बोलणार होतो?

तरी शहाणपणा केलाच. म्हटलं, सदूच्या आजीने चितरी कापली, त्या पावसात त्यांचा गोठा पडलाच ना? कापून काय थांबलं? आईने मान वर न करता सांगितलं, "कापल्यान म्हणान नुसतो गोठोच पडलो."

याला उत्तर असेल तर कळव.

मी मंगळवारी निघतो. तांबडीला चौथ्या मजल्यावर नेता येत नाही. सोसायटीत कुकर शिट्टी जास्त देतो म्हणून चिठ्ठी लावतात. आईने कापलं नाही तर चार जणी परत येतील. कापलं तर ती जेवणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. रोज पहिला घास अजून तिलाच टाकते, शिव्या देत.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींचा गुडघा? चिन्मयला बारावीत किती पडले ते बंड्याकडून कळलं, छान झालं, त्याला सांग.

आता काम. तू आईला फोन कर. माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकते, कारण तू विसाव्या दिवशी तिच्या खुडूक कोंबडीखालचं अंडं कानाला लावून आत पिल्लू बोलतंय असं सांगितलं होतंस आणि दुसऱ्या दिवशी ते निघालं होतं. ते ती अजून सांगते. तिला चितरीबद्दल सांग. कापल्यावर तू किती दिवस परड्यात गेला नाहीस, ते सांग. मला कधी सांगितलं नाहीस, मी विचारलंही नाही. सातच्या आत कर, नंतर ती बागेत असते. आणि गोठ्याचा विषय काढू नकोस.

तुझा,
विन्या