पंचवीस पावलं

रोला, मिझुरी, अमेरिका
25 मार्च

प्रिय रेवा,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन येऊन गेल्यापासून बंदूक जेवणाच्या टेबलावर आहे आणि आई तिला वळसा घालून ताटं मांडते आहे. "बाबा, या वर्षी टर्कीच्या शिकारीला ठासणीची मी नेते, तुम्ही गुडघा सांभाळा," असं तू म्हणालीस आणि मी लगेच हो म्हणून बसलो. फोन ठेवल्यावर आठवलं, की हो म्हणायच्या आधी तुला एक गोष्ट सांगायला हवी होती. ती सांगायची नऊ वर्षं राहिली आहे. फोनवर मला जमणार नाही, म्हणून लिहितोय. मराठी वाचायला तुला वेळ लागतो हे माहीत आहे. मलाही लिहायला लागतोय. आधी बंदुकीचं सांगतो, तेवढाच धीर येईल.

ही एकनळी, बारा बोअरची. बारा म्हणजे काय, असं तू लहानपणी विचारलं होतंस आणि मी काहीतरी थाप मारली होती. खरं असं आहे, की नळीच्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरतं, म्हणून बारा.

आदल्या वर्षीचं तेल नळीत असणार. रिकाम्या बंदुकीला केप, म्हणजे ठिणगी पाडणारी टोपी, चढव, नळीचं तोंड जमिनीवरच्या एखाद्या सुक्या पानाजवळ धर आणि चाप ओढ. पान हललं तर वाट मोकळी आहे. नाही हललं तर आणखी एक केप खर्च कर, कंजूषपणा करू नकोस. मगच दारू. 80 ग्रेन (दारूचं वजनी माप), दोन एफची, म्हणजे मध्यम दाण्याची. दारूच्या शिंगातून थेट नळीत कधीही ओतायची नाही. आधी पितळी मापात, मग मापातून नळीत. आधी काढलेल्या बाराची ठिणगी आत धुमसत राहिली असेल तर मापातली दारू पेटून भुवया जातील, पण शिंगातली पेटली तर हात जाईल. दारूवर जाड पुठ्ठ्याची चकती, तिच्यावर फेल्टचा बोळा, मग त्याच मापाने छर्रे, आणि छर्रे घरंगळू नयेत म्हणून वर पातळ चकती. छर्रे शिशाचे, पाच नंबरचे. स्टीलचे या जुन्या नळीत घालू नकोस.

ठासायच्या गजावर दोन रेघा आहेत. लाल भरलेल्या नळीची, काळी रिकाम्या नळीची. गज तळाला टेकला की नळीच्या तोंडाशी कोणती रेघ येते ते बघायचं. आपण भरली होती की नाही, असा संशय आला तर आठवत बसू नकोस, गजाला विचार. दारू आणि छर्रे यांच्यामध्ये पोकळी राहता कामा नये, नाहीतर नळी फाटते. केप सगळ्यात शेवटी, झाडाला पाठ टेकून बसल्यावर. केप चढलेली असताना नळीत काहीही ठासायचं नाही. आणि केप वाजली पण बार उडाला नाही, तर घाईने बंदूक खाली घेऊ नकोस, तोंड समोर ठेवून मिनिटभर थांब. दारूला कधीकधी उशिरा जाग येते.

घरी आल्यावर त्याच दिवशी धुवायची. गरम पाणी आणि साबण. काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढते आणि रात्रीतून गंज चढतो. वास सडक्या अंड्यांचा येतो, तो गंधकाचा. आई त्याला 'नरकचतुर्दशी' म्हणते, कारण मी टबात धुतो. तू तुझ्या टबात धू. पुसून झाल्यावर आतून खोबरेल फिरव. तुझे आजोबा, अण्णा, तेच लावायचे आणि मला वाटायचं, घरात दुसरं तेल नाही म्हणून. इथे आल्यावर कळलं, की खनिज तेल या राखेत मिसळलं की डांबरासारखा चिकटा होतो आणि वनस्पतीचं तेलच बरं. फरक इतकाच, की खोबरेल 24 अंशांखाली थिजतं. कुडाळात हा प्रश्न अण्णांना फारसा पडला नाही. मिझुरीतल्या एप्रिलच्या पहाटे नळीत लोणी जमल्यासारखं होतं. पान हललं पाहिजे, म्हणालो ना, ते म्हणूनच.

अण्णांची केपाची बंदूक तू पाहिलीस, पण वाजलेली ऐकली नाहीस. ती शिकारीची नव्हतीच, राखणीची होती. परवाना पीक राखण्याचा. भात पोटरीला आलं की डुक्कर येणार, नारळ धरले की माकडं येणार. अण्णा बहुतेक वेळा नुसती दारू भरून आभाळात बार काढायचे. निवडणूक लागली की बंदूक खांद्यावर टाकून पोलीस ठाण्यात जमा करायला जायचे आणि निकाल लागल्यावर परत आणायचे. एखादं बारसं असावं तसे धुतलेला सदरा घालून जायचे. आणि इथे? इथल्या 1968च्या बंदूक-कायद्याप्रमाणे अशी जुन्या घडणीची ठासणीची बंदूक 'फायरआर्म'च्या व्याख्येतच बसत नाही. जुन्या बाजारात एका म्हाताऱ्याला पैसे दिले, त्याने ती घोंगडीत गुंडाळून दिली, झालं. घरी येईपर्यंत मला मागून कोणीतरी हाक मारेल असं वाटत होतं.

तू एकदा रागाने विचारलं होतंस, की भारतात शिकार वाईट आणि इथे चांगली, हे कसं. तिकडे 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि तो असायलाच हवा; तिकडे मी सशावरही बंदूक धरणार नाही. इथे गोष्ट वेगळी वळली. 1950च्या सुमारास या अख्ख्या राज्यात रानटर्की अडीच हजारांच्या आत उरल्या होत्या. दाणे टाकून, तोफेसारख्या नळ्यांनी जाळं उडवून त्या पकडल्या आणि ओझार्कच्या डोंगराळ भागातल्या पेक रँचवरून दुसऱ्या रानांत नेऊन सोडल्या. 1960 साली वसंतात पहिल्यांदा परवानगी दिली, तीन दिवस, आणि मारलेले नर भरले 94. बंदुकी-काडतुसांवर केंद्राचा कर आहे, 1937च्या कायद्यापासून तो पैसा अशा कामांना जातो. मध्यंतरी काही वर्षं पिल्लं पुन्हा कमी जगली, म्हणून मी हल्ली वर्षाला एकावर थांबतो. तू किती ते तू ठरव.

आता पक्षी. हे तुला येतं, पण एक विसरू नकोस. तो आरवतो, म्हणजे माद्यांनी त्याच्याकडे यावं असं सांगतो. आपण झाडाखाली बसून मादीचा आवाज काढतो आणि त्याने आपल्याकडे यावं म्हणतो. हे त्याच्या रीतीच्या उलट आहे, म्हणून तो अर्ध्या वाटेवर थांबतो. पिसारा फुलवतो, रुबाब करतो, पण पुढे येत नाही. अशा वेळी जास्त बोलावलंस तर बिघडलं. पिसारा फुललेला असताना मान आत ओढलेली असते, तेव्हा बार काढायचा नाही. पिसारा मिटू दे, एकदाच 'टक' कर, मान ताठ वर येईल. नेम मानेवर आणि डोक्यावर. अंगावर नाही, छर्रे पिसांत आणि छातीच्या मांसात अडकतात, तो पडत नाही, नुसता मरायला जातो.

त्याचं डोकं क्षणात लाल, क्षणात पांढरं, निळं होतं. जहांगीर बादशहाने याच रंग बदलण्याला सरड्याची उपमा दिली होती. 1612 साली मुकर्रबखानाने त्याच्यासाठी गोव्याहून फिरंग्यांकडचे चमत्कारिक प्राणी आणले, त्यात एक टर्की होता. उस्ताद मन्सूरने काढलेलं त्याचं चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. म्हणजे आपल्या मुलखात हा पक्षी माझ्या आधी चारशे वर्षं येऊन गेला. तुला हसू येईल, पण पहिल्या वर्षी इथे मी याच विचाराने जरा कमी परका झालो. असो. सांगायचं ते हे, की दुसऱ्या शिकाऱ्याला टर्कीचं डोकं वाटू नये म्हणून रानात लाल, पांढरं, निळं काही अंगावर नको. खिशातला रुमालसुद्धा नको. दुसरा शिकारी दिसला तर हात हलवू नकोस, मोठ्याने माणसासारखी ओरड. आणि आरवण्याच्या मागे चालत जाऊ नकोस, तो आरव दुसऱ्या माणसाचा असू शकतो.

आता पंचवीस पावलं.

या नळीला चोक, म्हणजे तोंडाशी आवळलेला भाग, नाही, ती तोंडापर्यंत सरळ आहे. अशा नळीतून 40 यार्डांवर 30 इंची वर्तुळात निम्म्याहून कमी छर्रे पडतात, साधारण 40 टक्के. वर्तुळ केवढं आणि टर्कीचं डोकं केवढं! मी मागच्या आवारात कागदावर डोकं-मान काढून बार टाकले होते, ते कागद गॅरेजमध्ये आहेत. वीस पावलांवर मानेची चाळणी. पंचवीसवर अकरा छर्रे. तिसावर पाच. चाळीसवर एक, आणि एका कागदावर शून्य. हे सगळं मला आधीपासून माहीत होतं, रेवा. त्या सकाळच्या आधीपासून.

तू तेरा वर्षांची होतीस. शिकारीच्या वर्गात आपण दोघं एकाच बाकावर बसलो होतो, त्याला दोन वर्षं झाली होती, आणि बापाच्या हातून एकही टर्की पडलेला तू पाहिला नव्हतास. पांढऱ्या ओकखाली माझ्या जाकिटात शिरून बसली होतीस, दात वाजत होते तुझे. तो आला, आडव्या पडलेल्या ओंडक्यापलीकडे थांबला आणि रुबाब करत राहिला. ओंडका पंचवीस पावलांवर होता, मीच मोजून ठेवला होता. तो त्याच्या बराच मागे होता. मी वाट पाहिली, पाहिली, आणि मग तू माझी बाही ओढलीस. तुझा दोष नाही. मला वाटलं, हिला दाखवू. बार काढला.

धूर तुला आठवत असेल, भिंत उभी राहावी तसा पांढरा. तो विरला तेव्हा समोर काही नव्हतं. "चुकला," मी म्हटलं. तू म्हणालीस, "बरं झालं बाबा, पळाला." आणि आपण पॅनकेक खायला गेलो.

तो चुकला नव्हता. धुराच्या कडेने मला तो दिसला होता. एक पंख ओढत वेड्यावाकड्या उड्या घेत गेला.

अण्णांचा एकच नियम होता. "बार सुटलो की आधी जाग्यार जा. रगात बघ." डुकरामागे रात्री कंदील घेऊन जायचे, आभाळात बार काढणारा माणूस. मी तुला घेऊन जागेवर गेलो नाही, कारण गेलो असतो तर तू पाहिलं असतंस. दुपारी तुला घरी सोडून एकटा परत गेलो. पावलं मोजली, त्रेचाळीस भरली. कापलेली पिसं होती, आणि मेॲपल नावाच्या रोपांच्या छत्रीसारख्या पानांवर थेंब, एक इथे, एक तिथे, काटेरी तारेपर्यंत. तारेपलीकडे शेजाऱ्याची कुरणं. परवानगीशिवाय पलीकडे जायचं नाही हा कायदा आहे, पण जखमी केलेलं सावज शोधलं पाहिजे हाही कायदा आहे, आणि दोन्ही पाळायला फक्त दारावर टकटक करायची होती. त्याचा ट्रक अंगणात उभा होता. मी तारेशी बराच वेळ थांबलो. तेव्हा स्वतःला सांगितलं, की अनोळखी तपकिरी माणूस, हातात जुनी बंदूक, काळोख पडत आलेला, नको. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. पण खरं कारण ते नव्हतं. मला लाज वाटली. 'त्रेचाळीस पावलांवरून टाकला' हे कोणालाही मोठ्याने सांगायची लाज. तिसऱ्या दिवशी त्या कुरणावर गिधाडं घिरट्या घालत होती. गिधाडं इथे रोजच असतात, त्यावरून काही ठरत नाही, असं मी तेव्हाही म्हटलं.

पुढे दरवर्षी तू मित्रमैत्रिणींना सांगायचीस, "माझे बाबा मुद्दाम चुकतात." मी हसायचो. तेही आता तुझ्याकडून काढून घेतो आहे, याचं वाईट वाटतं. पण माझी बंदूक घेऊन जाणाऱ्या माणसाला ती किती लांब मारत नाही हे माहीत हवं, आणि ते मला कुठे कळलं तेही.

सीझन एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी उघडतो, तू आदल्या शनिवारी ये. त्याच ओकपाशी बसणार असशील तर ओंडका आता कुजून बसला आहे. मी तिथे एका खुंटीला तपकिरी सुतळी बांधली आहे. माझ्या पावलांवर जाऊ नकोस, तुझी लांब पडतात, तुझी तू मोज. कागदही स्वतः टाकून बघ, निदान सहा बार. पक्षी पडला तर परवान्यावर तिथेच खूण करायची आणि रात्री दहाच्या आत नोंदवायचा, हे तुला माझ्याहून चांगलं येतं.

शेजाऱ्याकडे मी मागच्या रविवारी जाऊन आलो. सगळं सांगितलं, त्रेचाळीस पावलंही. तो पोर्चवर उभ्या उभ्या ऐकत होता, मग म्हणाला, तेव्हाच यायचं होतं. पुढे म्हणाला, मुलीला तारेपलीकडे जावं लागलं तर खुशाल जाऊ दे, विचारायची गरज नाही. दक्षिणेकडचं फाटक उघडं असतं. येताना ते लावून घे, त्याच्या गाई वासरं घेऊन तिथेच आहेत.

तुझा
बाबा