अंबरनाथचे शिवालय आता मापून ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्हॅटिकनने नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या सेंट पीटर्स बॅसिलिका या चर्चची डिजिटल प्रतिकृती जगासमोर ठेवली. चार लाखांहून अधिक छायाचित्रांतून ती घडवली आहे. प्रत्यक्ष उभ्या असलेल्या भाविकाची नजर जिथे पोचत नाही, तिथले कामही त्यात जवळून दिसते. असे काम ठाणे जिल्ह्यात का होऊ नये?

लाइव्ह दर्शन आपल्याला नवे नाही. टाळेबंदीत देवळे बंद असताना त्याने घराघरांतल्या वृद्धांना मोठा आधार दिला. पण तो कॅमेरा मूर्तीवर स्थिर असतो. खांब, छत, बाहेरच्या भिंती यांची नोंद त्यातून होत नाही, आणि मला काळजी आहे ती त्यांचीच.

अंबरनाथचे शिवालय शके ९८२ मधले, म्हणजे इ. स. १०६० चे. शिलाहार राजांच्या काळातले हे भूमिज शैलीचे, म्हणजे शिखरावर छोट्या शिखरांच्या रांगा असलेले देऊळ. शिखराचा वरचा भाग केव्हाच ढासळला आहे. बाहेरच्या भिंतींवरची शिल्पे ऊन-पाऊस सोसत झिजत आहेत. काहींचे चेहरे तर आता ओळखूही येत नाहीत. गाभारा मंडपापेक्षा बराच खोल. माझ्या सासूबाईंना गुडघ्यांमुळे त्या पायऱ्या उतरवत नाहीत, त्या मंडपातूनच हात जोडतात. त्यांच्यासारख्या कितीतरी जणींना घरबसल्या आतला भाग पाहता आला तर मला फार आनंद होईल.

ही कल्पना तशी जुनीच आहे. १८६८ मध्ये मुंबईच्या कलाशाळेतर्फे याच देवळाची रेखाचित्रे काढली गेली, शिल्पांचे साचे घेतले गेले. हाताने, तेही त्या काळात! आज लेसर स्कॅनरने दगडाचा कण न् कण मापता येतो. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चला एप्रिल २०१९ मध्ये आग लागली, तेव्हा कलेतिहासाचे अभ्यासक अँड्र्यू टॅलन यांनी आधीच करून ठेवलेली लेसर मापे दुरुस्तीच्या कामी आली. ती दुरुस्ती पाहायला टॅलन स्वतः हयात नव्हते.

ठाणे शहरात मासुंदा तलावाजवळ कौपिनेश्वर मंदिर आणि सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च आहे, टेंभी नाक्याकडे बेने इस्राएल या ज्यू समाजाचे १८७९ चे सिनेगॉग. इस्रायलला गेलेल्या कुटुंबांतल्या मुलांना आजी-आजोबांचे प्रार्थनास्थळ आतून पाहायला मिळाले, तर ते त्यांच्यासाठी केवढे असेल!

मात्र देवळाच्या विश्वस्तांची, पॅरिशची (चर्चच्या स्थानिक मंडळींची), ज्यू समाजाची संमती आधी घ्यावी. चर्चमधली मिस्सा प्रार्थना, ज्यूंचा शब्बाथ किंवा देवळातला अभिषेक सुरू असताना कॅमेरा नको. गाभाऱ्यात छायाचित्रण चालत नसेल, तर गाभारा वगळून बाकीचे मापावे. प्रतिकृतीसोबतचे निवेदन मराठीत असावे आणि शिल्पांची माहिती जाणकारांकडून लिहून घ्यावी. मूळ मोजमापे कंत्राटदाराकडे न राहता सार्वजनिक संग्रहात अभ्यासकांना खुली असावीत.

अंबरनाथचे देऊळ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. जिल्हा प्रशासनाने त्यांच्याकडे हा प्रस्ताव न्यावा आणि पावसाळा सरून दगड कोरडा झाला की तिथूनच काम सुरू करावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे